दारातली बाई

४ जानेवारी

मायना कोरा सोडला आहे. बराच वेळ पेन हातात धरून बसले, मग म्हटलं आधी मजकूर लिहू, मायन्याचं नंतर बघू. ‘प्रिय वहिनी’ असं लिहायचा हक्क मला उरलाय की नाही, ते मला ठाऊक नाही. तू आणि दादा वेगळे झालात तेव्हा नवरा-बायकोचं काय झालं ते कोर्टाने लिहून दिलं. नणंदेचं काय झालं, याबद्दल त्या कागदात अवाक्षर नाही. मी तो दोनदा वाचला होता.

पत्ता शिंपीकाकांच्या मुलीने दिला. तू एका लाँड्रीत काम करतेस आणि दुकानाच्या वरच्याच खोलीत राहतेस, एवढं तिच्याकडून कळलं. मी आणखी विचारलं नाही. विचारायचं होतं.

पत्राचं कारण कामाचं आहे. आपल्या नाटकमंडळीला मार्चमध्ये पंचवीस वर्षं होतात. त्यानिमित्त एक लहानसं पुस्तक काढायचं ठरलंय आणि इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी डायरी लिहिते, मग मला सगळं आठवत असणार, असा लोकांचा समज. डायरीत किती गोष्टी मी मुद्दाम लिहीत नाही, ते त्यांना कुठे माहीत. पाण्याच्या प्रयोगशाळेतून घरी आले की रोज थोडं लिहिते. सुरुवात अशी केली आहे. तुला आठवतं तसंच आहे का, पाहा.

‘गोदामामागची घरांची ओळ रस्तारुंदीत गेली, त्या वर्षी मंडळी सुरू झाली. ओळीतलं पहिलं घर एका शिंप्याचं होतं. घर पाडणाऱ्यांनी दाराची फळी नेली, चौकट तेवढी उभी राहिली. शिंप्याने ती उपटली, खांद्यावरून आमच्या अंगणात आणून टाकली आणि म्हणाला, तुम्ही नाटकवाली पोरं ना, करा हिचं काहीतरी. त्या चौकटीतून पहिलं नाटक निघालं. चौकटीत एक बाई उभी असते. एकेक जण दाराशी येतो. मोजणीदार येतो, शेजारी येतो, आणि सगळ्यात शेवटी, फार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेली मुलगी परत येते. सगळे तिच्याशी बोलतात, ती सगळ्यांना उत्तरं देते, पण दारातून हलत नाही. हे नाटक वस्त्यांमध्ये, दवाखान्यांच्या आवारात, कारखान्यांच्या फाटकांशी, जिथे बोलावलं तिथे झालं.’

दादा मोजणीदार, शिंपीकाका शेजारी, मी परत आलेली मुलगी, आणि दारात तू. हे मी पुस्तकात अजून लिहिलेलं नाही.

मग आपल्या पद्धतीबद्दल एक परिच्छेद आहे. आपण संहिता कधी कागदावर उतरवली नाही, कारण पहिल्या मंडळींतल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं. काकांना फक्त मापं वाचता यायची. म्हणून तू ‘सोपवणं’ सुरू केलंस. ज्याची भूमिका त्यानेच ती दुसऱ्याला द्यायची. सकाळी दोघांनी समोरासमोर बसायचं, भूमिकेची जी वस्तू असेल ती देणाऱ्याच्या अंगावर. देणाऱ्याने एक वाक्य बोलायचं, घेणाऱ्याने तसंच परत बोलायचं, मग पुढचं. संध्याकाळी ती वस्तू घेणाऱ्याच्या मांडीवर ठेवली की भूमिका त्याची. देणाऱ्याने ती पुन्हा बोलायची नाही, आणि जे सोपवलं नाही ते दुसऱ्या कोणी बोलायचं नाही.

इथपर्यंत ठीक होतं. पुढे अडलंय. पुढचं वाक्य दादाने सांगितलं आणि मी ते लिहून घेतलं: ‘या टप्प्यावर मंडळीने मुख्य पात्राची जागा रिकामी ठेवण्याचा धाडसी प्रयोग केला.’

आता तू सांग. काका दवाखान्यात होते, मोठ्या सभागृहातला प्रयोग तोंडावर होता, तिकिटं गेली होती, आणि दादाने काकांची भूमिका न सोपवताच एका पगारी नटाला दिली. काका बरे होऊन त्या प्रयोगाला आले, पहिल्या रांगेत बसले आणि आपल्याच भूमिकेला त्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रयोग संपला तसा तू दारातल्या बाईचा अ‍ॅप्रन काढलास, चौकटीच्या खिळ्याला अडकवलास आणि गेलीस. दादाचंही सगळं चूक होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. तुमच्या दोघांत त्याआधी काय काय साचलं होतं, ते तुमचं. मी जे पाहिलं तेवढंच लिहितेय.

दोन दिवसांनी दवाखान्याच्या आवारात प्रयोग ठरलेला होता. दादा म्हणाला रद्द करू. काकाच म्हणाले, तिने सोपवलेली नाही तर तिथे कोणी उभं राहायचं नाही, चौकट नुसतीच उभी करा. आम्ही रिकाम्या चौकटीशी बोललो आणि तुझं वाक्य संपायला जेवढा वेळ लागला असता तेवढं थांबत गेलो. दादाने मोजणीदाराचं पहिलं वाक्य टाकलं आणि गप्प उभा राहिला. हाताला प्लॅस्टर घातलेली एक बाई मागून म्हणाली, ‘आधी ओळखपत्र दाखव.’ सगळं आवार हसलं. तेव्हापासून नऊ वर्षं ती जागा रिकामी आहे आणि लोक ती भरतात. वर्तमानपत्रांनी त्याला प्रयोग म्हटलं, मग दादाही म्हणायला लागला.

एक सांगायचं राहिलं. त्यानंतर दादाने एकही भूमिका न सोपवता कोणाला दिलेली नाही. काकांची काकांना परत केली.

तर ते ‘धाडसी प्रयोग’ छापू का? तू म्हणशील तसं करेन.

खाली सही काय करावी हेही कळत नाही. तू मला ‘पणबाई’ म्हणायचीस, कारण माझं प्रत्येक दुसरं वाक्य ‘पण’ने सुरू व्हायचं. अजून तसंच आहे.

पणबाई


२६ जानेवारी

तुझं उत्तर पोचलं. लाँड्रीच्या पावतीच्या पाठीवर तीन शब्द: ‘छाप. बरं वाटेल.’ कोणाला, ते तू लिहिलं नाहीस. पावतीच्या पुढच्या बाजूला एक ब्लँकेट आणि दोन पडदे होते. तेही मी वाचले.

मी ते वाक्य छापणार नाही. तू सांगितलंस तरी नाही. खोटं आहे म्हणून नव्हे, त्यात तू नाहीस म्हणून. असो.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. काल तालमीला दादाने जाहीर केलं की पंचविसाव्या वर्षाच्या प्रयोगात दार रिकामं ठेवायचं नाही. आपल्याकडे एक नर्स येते, दोन वर्षं झाली, चुणचुणीत आहे, आवाज असा की शेवटच्या रांगेपर्यंत जातो. तिला दारात उभी करायची आणि वाक्यं दादा नव्याने लिहिणार. मी म्हटलं, सोपवलेली नाही. तो म्हणाला, ‘म्हणून तर नवी लिहितोय.’

‘पण दारातली बाई काय बोलते ते लोकांना माहीत आहे.’

‘कोणत्या लोकांना? ती ओळ पाडून पंचवीस वर्षं झाली. निम्मे गेले, निम्म्यांना ऐकू येत नाही.’

मग सगळे गेल्यावर आम्ही दोघं चौकट व्हॅनवर चढवत होतो. त्याचा गुडघा आता साथ देत नाही, पण चौकटीला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. दोर आवळता आवळता म्हणाला, ‘सोळा वर्षं मी तिच्यासमोर उभा राहिलो, मग नऊ वर्षं त्या भोकासमोर. मला नाही बघवत आता.’ माझ्याकडे बघत नव्हता. मला त्याचा राग आला होता तो कुठे गेला कळलं नाही. त्याला तुला पुसून टाकायचंय की पुन्हा ऐकायचंय, हे त्यालाच माहीत नसावं. मी त्याला विचारलं, तिने सोपवली तर? तो म्हणाला, ‘ती सोपवणार आहे का?’ आणि मग, ‘तिने सोपवली तर मी कशाला लिहू?’

तर मी विचारते. तू ती भूमिका सोपवशील का?

नर्सला की मला, हा प्रश्न होता. मी गृहीत धरलं होतं नर्सला. पण तीच म्हणाली, ‘ताई, मी त्यांना पाहिलंही नाही. तुम्ही घ्या. तुमची मला द्या.’ सोपं करून टाकलं तिने. मला मात्र रात्रभर ते सोपं वाटलं नाही. माझी दिली की माझी राहणार नाही. माझं शेवटचं वाक्य मी इथे लिहितेय, नियम मोडून, कारण अजून ते माझंच आहे: ‘आत येऊ का?’

नऊ वर्षं मी ते रिकाम्या चौकटीला विचारत आले. तुला गंमत सांगते, लोक काय काय उत्तरं देतात. कारखान्याच्या फाटकाशी एक पहारेकरी म्हणाला, ‘किल्ली शेजारी ठेवलीये.’ वृद्धाश्रमातल्या एक आजी म्हणाल्या, ‘इतके दिवस काय करत होतीस ते आधी सांग.’ शाळेत एक पोरगी नुसतीच उठली आणि बाजूला सरकली, मला जागा करून द्यायला. दर वेळी उत्तर मिळालं. तुझं उत्तर कोणीच दिलं नाही. ते मी इथे लिहीत नाही, ते तुझं आहे.

भूमिका घेणारा देणाऱ्याकडे जातो, असाच रिवाज आहे. म्हणजे मला यावं लागेल. एक अख्खा दिवस. तुला जमेल तेव्हा.

पणबाई


१६ फेब्रुवारी

‘रविवारी दुकान बंद असतं. अ‍ॅप्रन आण.’ पावती मिळाली. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार धरते. बसने येईन.

आज मी माझी भूमिका सोपवली. डायरीत लिहिण्याआधी तुला लिहावंसं वाटलं.

नर्सची रात्रपाळी संपल्यावर सकाळी तिच्याच खोलीवर बसलो. माझी वस्तू तुला आठवते, ती पत्र्याची पेटी. मांडीवर घेऊन बसले. मला वाटलं होतं माझी वाक्यं थोडी, दुपारपर्यंत उरकेल. पण एकेक वाक्य तोंडातून काढून समोर ठेवायचं आणि ते दुसऱ्याच्या आवाजात परत ऐकायचं, याला वेळ लागतो. ती माझ्यापेक्षा बरं बोलते. मी मान डोलावत होते आणि आतून चिडत होते. शेवटचं वाक्य यायच्या आधी मी चहा करायला उठले. मग खिडकी लावायला उठले. ती हसून म्हणाली, ‘ताई, इंजेक्शन लांबवलं तरी टोचायचं असतंच.’ मग दिलं. पेटी तिच्या मांडीवर ठेवली.

घरी येताना मी उगाचच ते वाक्य मनात म्हणून पाहिलं आणि लगेच थांबले. आता माझं नाही.

अ‍ॅप्रन खिळ्यावरून काढलाय. नऊ वर्षं प्रयोगाला तो चौकटीवर लटकत होता. खिशात अजून कपड्यांचे चिमटे आहेत. बोलताना तू ते चाळवायचीस, पहिल्या रांगेला ऐकू यायचं. मी अ‍ॅप्रन धुतला. वाळत घातल्यावर वाटलं, कोणी सांगितलं होतं धुवायला? पण धुतला खरा.

दादाला सांगितलं की जातेय. तो म्हणाला बरं. मग बऱ्याच वेळाने, मी भांडी घासत होते तेव्हा मागे येऊन म्हणाला, बसला पुढची सीट घे, मागे धक्के बसतात.

पणबाई


३ मार्च

काल रात्री पोचले. कळव म्हणाली होतीस म्हणून हे. आणि तुझ्यासमोर घडलेलंच तुला लिहितेय याचं हसू येईल तुला, पण माझी सवय तुला ठाऊक आहे. मी लिहिलंय तसं झालं का, ते बघ. नाहीतर मला खात्री वाटत नाही.

तू शटर अर्धंच वर केलं होतंस. मी वाकून आत आले. केस कापले आहेस, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आत वाफेचा आणि साबणाचा वास, छतापासून लटकणारे लोकांचे कपडे, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी टाचलेली. मी पिशवीतून अ‍ॅप्रन काढला. तू तो नाकाला लावलास आणि म्हणालीस, ‘मी दिवसाला शंभर कपडे धुते, आणि हिने एक धुऊन आणला तोही साबण नीट न काढता.’ नऊ वर्षांनंतरचं ते तुझं पहिलं वाक्य. मी काय काय ठरवून आले होते, त्यातलं एकही बोलले नाही.

तू अ‍ॅप्रन बांधलास. इस्त्रीच्या टेबलाशी दोन स्टुलं ठेवलीस. खिसे चाचपलेस, चिमटे सापडले, आणि मग तू पहिलं वाक्य बोललीस.

आता कबूल करते. मला तुझी सगळी वाक्यं पाठ आहेत. पहिल्यापासून. सोळा वर्षं व्हॅनच्या मागे उभी राहून माझी पाळी यायची वाट बघत होते, तेव्हा ऐकण्याखेरीज मला दुसरं काम काय होतं? भांडी घासताना, प्रयोगशाळेत बाटल्यांना लेबलं लावताना, बसस्टॉपवर, मी ती मनात म्हणत आले. मला सोपवून घ्यायची गरज फक्त रिवाजापुरती होती. तरी मी नवखीसारखी थांबत, अडखळत तुझ्यामागून बोलत राहिले, कारण लवकर आलं असतं तर लवकर संपलं असतं.

मला वाटत होतं तुला कळत नाहीये. मग शेजाऱ्याच्या प्रवेशात तू एका वाक्याशी अडलीस. खरंच अडलीस की तशी बसून राहिलीस, ते मला आजही सांगता येणार नाही. मी इस्त्रीकडे बघत बसले. तू म्हणालीस, ‘सुचव की.’

‘मला कुठे येतंय?’

‘हो का.’ चिमटा वाजवलास. ‘पणबाई, नाटकात काम करतेस, खोटं बोलायचं तर जरा नीट बोलत जा.’

माझे कान तापले. मी वाक्य सुचवलं. तू ते घेतलंस आणि म्हणालीस, ‘चल, पुढचं.’ आणि पुढची सगळी वाक्यं तू तशीच सोपवलीस, एकही न गाळता, सावकाश, जणू मला काही येत नाही. मीही तशीच परत बोलले. मध्ये पाव आणि अंडी खाल्ली. मध्ये तू तुझ्या मनगटावरचा भाजल्याचा डाग दाखवलास. दादाबद्दल एकदाच विचारलंस, त्याचा गुडघा कसा आहे म्हणून, आणि मी सांगायला लागले तर म्हणालीस, एवढंच विचारलं होतं.

त्या दिवसासाठी मी काय दिलं असतं, ते लिहीत नाही. अतिशयोक्ती वाटेल.

संध्याकाळी मुलीचा प्रवेश आला. माझं जुनं वाक्य मी बोलले नाही, ते आता नर्सचं. तूच म्हणालीस, ‘ती विचारते.’ आणि मग तू उठलीस. इस्त्रीची वायर काढून ठेवलीस. अ‍ॅप्रनची गाठ सोडलीस, घडी केलीस आणि माझ्या मांडीवर ठेवलीस. ‘सोपवली,’ म्हणालीस.

तुझं शेवटचं वाक्य तू बोलली नाहीस.

माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. विचारलं नाही, कारण बसची वेळ झाली होती असं मी स्वतःला सांगितलं. स्टँडपर्यंत तू सोबत आलीस, पुढची सीट पकड म्हणालीस. (हेच दादाही म्हणाला होता. ते तुला सांगायचं नव्हतं, पण आता लिहून झालं.)

सबंध प्रवासात मी त्यावरच विचार करत होते. तू विसरलीस? काकांचा एक श्वास लांबला तरी त्यांना टोकणारी तू? की मला पाठ आहे हे तुला कळलं होतं म्हणून सांगायची गरज वाटली नाही? पण मग बाकीची कशाला सांगितलीस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत? सोपवलेलं नाही ते बोलायचं नाही. नियम तुझाच आहे. प्रयोग पंधरा दिवसांवर आहे आणि माझ्याकडे एक वाक्य कमी आहे.

चुकून राहिलं असेल तर पावतीवर तेवढं लिहून पाठव. लिहायचं नाही, हे मला माहीत आहे. तरी.

पणबाई


१८ मार्च

वहिनी,

मायना लिहून टाकला. नको असेल तर खोडून वाच.

पावती आली नाही. प्रयोगाच्या दिवशी सकाळीही मी टपालाच्या पेटीत हात घालून पाहिला. आत पिझ्झाच्या दुकानाची जाहिरात होती.

प्रयोग काल झाला. दादाला सभागृह हवं होतं, मी आणि नर्सने हट्ट केला, आणि शेवटी जिथे ती घरांची ओळ होती तिथेच केला. तिथे आता गाड्या लावायची जागा आहे. रंगाने आखलेले चौकोन, त्यांवर नंबर. काकांचं घर जिथे होतं तिथे एक पांढरी गाडी उभी होती, तिचा मालक शोधून ती हलवायला लावली. लोक आपापल्या घरून प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन आले. काकांची मुलगी काकांना घेऊन आली होती. दादाने चौकट उभी केली, दोन्ही बाजूंना विटा लावल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘चल.’

मी दारात उभी राहिले. तिथून कसं दिसतं हे मला माहीत नव्हतं, इतकी वर्षं मी बाहेरच्या बाजूने आले. तिथून सगळे आपल्याकडेच येताना दिसतात. तू कधी सांगितलं नाहीस.

दादा मोजणीदार होऊन आला. त्याने पहिलं वाक्य टाकलं आणि मी चिमटे चाळवत तुझं उत्तर दिलं. तो पुढचं वाक्य विसरला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्याकडे बघत उभा राहिला, टेप हातात तशीच. लोकांना वाटलं मोजणीदार घाबरला, हसले. मग सावरला.

सगळं नीट झालं. मी तुझ्यासारखी नव्हते, होणारही नव्हते. शेवटी नर्स पत्र्याची पेटी घेऊन आली. तिने विचारलं. फार हळू विचारलं, मी कधी इतक्या हळू विचारलं नव्हतं.

वाक्य माझ्या जिभेवर होतं. अगदी टोकाशी. दात आवळून धरलं. नऊ वर्षं लोकांनी ती जागा भरली होती, म्हणून वाटलं आताही कोणीतरी बोलेल. कोणी बोललं नाही. दारात बाई उभी होती ना, आता तिनेच बोलायला हवं होतं. गाड्यांचे आवाज येत होते. मग मागच्या खुर्चीवरून एक म्हातारी वैतागून म्हणाली, ‘अगं बोल की काहीतरी, पोर कधीची उभी आहे.’ लोक हसले, तरी मी गप्पच. नर्स गोंधळली, पण जागची हलली नाही, पेटीही खाली ठेवली नाही. तसंच संपवलं आम्ही. ती बाहेर, मी दारात.

टाळ्या जरा उशिराने पडल्या.

नंतर सामान आवरताना दादा खुर्च्यांमधून वाट काढत माझ्याकडे आला. ते वाक्य त्यालाही पाठ असणार, हे मला तेव्हा सुचलं.

‘राहिलं?’ त्याने विचारलं.

‘राहिलं.’

‘मुद्दाम?’

‘माहीत नाही.’

तो विटेवर बसला. गुडघा चोळत राहिला. मी अ‍ॅप्रन काढून खिळ्याला अडकवायला गेले, तर म्हणाला, राहू दे, पिशवीत ठेव. आणि मग, ‘या वेळी धुऊ नकोस.’

पुस्तकाची शेवटची मुद्रितं आज गेली. तो ‘धाडसी प्रयोग’ मी काढला. त्या जागी लिहिलंय: ‘दारातल्या बाईची भूमिका नऊ वर्षं रिकामी होती, कारण ती जिची होती ती इथे नव्हती.’ दादाने वाचलं, एक स्वल्पविराम बदलला आणि परत दिलं. पुढचं वाक्य काय असावं हे मला सुचलं नाही, म्हणून प्रकरण तिथेच संपवलं.

वहिनी, तू विसरली असशील तर ते वाक्य मला हवंय, आणि मुद्दाम ठेवून घेतलं असशील तरी हवंय. पण घाई नाही. त्याला दुसराही एक दिवस लागला तरी चालेल. दर वेळी राहून गेलं तरीसुद्धा.

येत्या रविवारची बस पाहिली आहे. पुढची सीट घेतली आहे. येण्याआधी एक वाक्य तुला विचारायचं होतं, पण ते आता माझं नाही, म्हणून आज नर्सकडे गेले आणि एकदा उसनं मागितलं. ती म्हणाली, घ्या, पण सोमवारी परत आणा.

आत येऊ का?

पणबाई